नागपूरच्या मातीतले डिप्लुरा : दगडाखालून काचपट्टीपर्यंत

पावसाळ्यात संत्र्याच्या आळ्यातला ओला दगड उलटला की कधी कधी एक पांढराफटक, दोऱ्याइतका बारीक जीव क्षणात मातीच्या फटीत शिरतो. पुढे मण्यांच्या माळेसारख्या दोन शृंगिका, मागे तशाच दोन शेपट्या, सहा पाय, आणि डोळे अजिबात नाहीत. बहुतेक जण त्याला वाळवीचं पिल्लू समजून सोडून देतात. हा डिप्लुरा. मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही, पण ‘डिप्लुरा’ या ग्रीक शब्दाचा अर्थच दोन शेपट्या असा आहे. कार्ल बर्नर यांनी १९०४ मध्ये हे नाव रूढ केलं.

या गटाचं काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे: प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, मृदाशास्त्र शिकणारे, शेतातल्या मातीबद्दल कुतूहल असणारे. एक गोष्ट आधीच सांगतो. पहिल्या हंगामात जातीचं नाव मिळवण्याच्या मागे लागू नका. कूळ खात्रीने ओळखता येणं आणि नमुना असा तयार करणं, की दुसऱ्या माणसाने वीस वर्षांनी तीच काचपट्टी बघून तेच आकडे मोजावेत, एवढं साधलं तरी काम भक्कम होतं. घाईत दिलेली नावं पुढच्यांना निस्तरावी लागतात.

आधी सोंगं ओळखा

डिप्लुराचे जबडे डोक्याच्या आत एका खिशात दडलेले असतात. बाहेरून तोंडाचा भाग जवळजवळ दिसतच नाही. ही खूण, डोळ्यांचा अभाव आणि पायाच्या टोकाचा एकच तुकडा असलेला टार्सस, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर पुढे जायचं.

फसवणारे बरेच आहेत. कसर, म्हणजे सिल्व्हरफिश, हिला तीन शेपट्या असतात आणि डोळेही असतात. सिम्फायला हा गोमेच्या जवळचा जीव पांढरा, आंधळा आणि दिसायला अगदी जवळचा, पण मोठ्या वयात त्याला पायांच्या बारा जोड्या असतात. पिल्लांत पाय कमी असले तरी सहापेक्षा जास्तच असतात, म्हणून पाय मोजल्याशिवाय काही बोलू नये. प्रोटुरा या मातीतल्याच दुसऱ्या सूक्ष्म जिवाला शृंगिकाच नसतात. कोलेम्बोला, म्हणजे स्प्रिंगटेल, यांच्या उदराला फक्त सहा खंड असतात आणि शेपट्या नसतात. डिप्लुराच्या उदराला दहा खंड असतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो चिमटेवाल्यांत. डिप्लुरातल्या जॅपिजिडी कुळात शेपट्यांच्या जागी तपकिरी, कडक चिमटा असतो आणि तो थेट इअरविगसारखा दिसतो. इअरविगला मात्र डोळे असतात आणि टार्ससचे तीन तुकडे असतात. उलट गंमत अशी, की डिप्लाटायडी कुळातल्या इअरविगच्या पिल्लांना चिमटा नसून लांब, अनेक खंडांच्या शेपट्या असतात. म्हणजे मागून बघितलं तर हुबेहूब डिप्लुरा. अशा वेळी शेपटी सोडा आणि डोक्याकडे बघा. डोळे दिसले की प्रश्न मिटला.

कुठे आणि केव्हा

डिप्लुराची कातडी पातळ असते, हवा कोरडी झाली की ते सुकून मरतात. म्हणून नागपुरात त्यांचा हंगाम पाऊस ठरवतो. मृगाचे पहिले एकदोन पाऊस पडून गेले आणि जमीन आतपर्यंत भिजली की शोध सुरू करावा. जुलै ते ऑक्टोबर हा उत्तम काळ. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, काळी रेगूर भेगाळलेली असते आणि वरच्या थरात काही सापडत नाही.

चिखलातही जाऊ नका. काळी माती ओली असताना फुगते, तिच्यातल्या फटी बंद होतात, आणि फटी हेच तर या जिवांचे रस्ते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने ढकलला तर फुटतो, ती अवस्था सगळ्यात चांगली. मुरमाड जमिनीत हा वाफसा पावसानंतर लवकर येतो, खोल काळ्या जमिनीत थांबावं लागतं.

संत्र्याच्या बागेत नमुना घेणार असाल तर बागवानाला आधी विचारा, ताण कधी दिला होता. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी मे महिन्यात पाणी तोडलेलं असतं; त्या काळात घेतलेला नमुना रिकामा आला तर ‘या बागेत डिप्लुरा नाहीत’ असा अर्थ काढू नये. आळ्यात औषध ओतलं असेल तर ते झाड सोडून द्या. धुऱ्यावरचे दगड, जुन्या आंब्याखालचा पालापाचोळा, शेणखताच्या ढिगाच्या कडेची माती, विहिरीच्या काठची सावली या जागा चुकवू नका.

सेमिनरी हिल्स, गोरेवाडा किंवा पेंचसारख्या वनजमिनीतून काहीही उचलण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी लागते. शिकायला सुरुवात कॉलेजच्या आवारातून किंवा ओळखीच्या शेतातून करा.

हाताने वेचणे

साहित्य थोडंच लागतं: खुरपं, पांढरा ट्रे, शून्य नंबरचा रंगाचा ब्रश, तोंडाने ओढायची चूषकनळी, फिरकीच्या झाकणाच्या ५ मिलिलिटरच्या कुप्या आणि ७५ टक्के इथेनॉल. ९५ टक्क्यांचं इथेनॉल हाताशी असेल तर ७९ मिलिलिटर मोजून ऊर्ध्वपातित पाण्याने १०० मिलिलिटर करा. इथेनॉल बाळगण्यावर उत्पादन शुल्क विभागाचे नियम आहेत, म्हणून ते कॉलेजच्या प्रयोगशाळेमार्फत घेणं सोयीचं.

दगड उलटला की आधी दगडाची खालची बाजू बघा, मग खड्डा. लांब शेपट्यांचे, कॅम्पोडिडी कुळातले पळतात, चिमटेवाले जॅपिजिडी बहुधा आत सरकतात. पळणाऱ्याच्या पुढे ब्रशचं ओलं टोक ठेवा, तो स्वतःच त्याला चिकटतो, आणि तसाच ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवा. चिमट्याने उचलू नका. कॅम्पोडिडीच्या शेपट्या आणि शृंगिका नुसत्या धक्क्यानेही तुटतात, आणि तुटलेला भाग अल्कोहोलमध्ये कुठे गेला हे नंतर सापडत नाही. एका कुपीत एकच जीव ठेवा. दोन ठेवले तर दोघांच्या शेपट्या एकमेकांत मिसळतात आणि कोणती कोणाची हे ठरवता येत नाही.

डीएनएसाठी काही नमुने ठेवायचे असतील तर ते सुरुवातीलाच ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये टाकून त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवा. असे नमुने ताठ आणि ठिसूळ होतात, म्हणून वर्णनासाठी वेगळे, ७५ टक्क्यांतलेच असावेत.

नरसाळे

मोठे जीव हाताने मिळतात. दोन-तीन मिलिमीटरचे पॅराजॅपिक्स (हेही चिमटेवाले, पण वेगळ्या कुळातले) किंवा लहान कॅम्पोडिडी मात्र बर्लेस-टुलग्रेन नरसाळ्यातूनच हाती लागतात. आंतोनिओ बर्लेस यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याने तापणारं नरसाळं वापरलं, पुढे टुलग्रेन यांनी त्यात विजेचा दिवा आणला. तत्त्व साधं आहे: माती वरून तापते, सुकते, आणि ओलावा शोधणारे जीव खाली उतरत शेवटी कुपीत पडतात.

नागपूरच्या इतवारी बाजारात पत्र्याचं नरसाळं करून मिळतं. तोंडाचा व्यास २० ते २५ सेंटीमीटर, उतार जितका उभा तितका चांगला, आतली बाजू गुळगुळीत. तोंडावर २ मिलिमीटर छिद्रांची जाळी बसवा. वर साधारण १५ सेंटीमीटर उंचीवर २५ वॅटचा तंतूचा, पिवळ्या उजेडाचा बल्ब. एलईडी लावू नका, तो मातीला पुरेसं तापवत नाही आणि नरसाळं आठवडाभर नुसतं उजेडात राहतं. खाली ७५ टक्के इथेनॉलची कुपी.

काळ्या मातीचा इथे खरा त्रास आहे. ढेकूळ एकदम तापवलं तर बाहेरचा थर विटेसारखा भाजतो आणि जीव आतच अडकून मरतात. म्हणून:

१. मातीचा थर ५ सेंटीमीटरपेक्षा जाड ठेवू नका.
२. नमुना दंडगोलाकार काढला असेल तर तो उलटा ठेवा. मुळांनी आणि गांडुळांनी केलेल्या वाटा वर मोठ्या आणि खाली बारीक असतात, उलटं ठेवलं की उतरणाऱ्याला मोकळी वाट मिळते.
३. माती चुरू नका. चुरली की ती जाळीतून खाली पडते आणि कुपीत गाळ होतो.
४. पहिले २४ तास बल्ब बंद ठेवा किंवा आणखी उंच टांगा. मग तो रोज थोडा खाली आणा. पूर्ण क्रिया ४ ते ६ दिवस.
५. कुपीतलं अल्कोहोल रोज बघा. कूलर चालू असलेल्या खोलीत वारा कुपीवर येतो आणि पातळी एका रात्रीत उतरते. नरसाळ्याच्या टोकाभोवती आणि कुपीच्या तोंडावर कापूस बसवा.

उन्हाळ्यात खोलीचं तापमानच चाळिशीच्या वर असेल तर वरचा आणि खालचा थर एकाच वेळी सुकतात, जिवांना उतरायला दिशाच मिळत नाही. तळघर किंवा एसीची खोली नसेल तर त्या महिन्यांत नरसाळं बंद ठेवणं बरं.

फारच चिकण माती असेल तर तरंगवण्याचा उपाय आहे. बादलीत मिठाचं दाट द्रावण करा, १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ. त्यात माती हलक्या हाताने सोडा, हळू ढवळा, दहा मिनिटं थांबा. वर आलेलं सगळं पाव मिलिमीटरच्या चाळणीत ओता, लगेच साध्या पाण्याने धुवा आणि अल्कोहोलमध्ये घ्या. या पद्धतीत शेपट्या हमखास तुटतात, म्हणून ती संख्या मोजायला चांगली, वर्णनाला वाईट.

चिठ्ठी कुपीच्या आत

चिठ्ठी पेन्सिलीने किंवा चिनी शाईने लिहा आणि कुपीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, बाहेर चिकटवलेला कागद गळलेल्या अल्कोहोलने पुसला जातो. चिठ्ठीवर हवं: राज्य, जिल्हा, गाव, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश दशांशात, समुद्रसपाटीपासून उंची (नागपूर शहर साधारण ३१० मीटरवर आहे), तारीख, खोली, जमिनीचा प्रकार, झाड किंवा पीक, पद्धत, वेचणाऱ्याचं नाव. महिना रोमन अंकात लिहायची जुनी पद्धत अजून चांगली आहे, त्यामुळे ७ ऑगस्ट आणि ८ जुलै यांचा घोटाळा होत नाही. ‘संत्रा बाग, नागपूर’ एवढीच चिठ्ठी असलेला नमुना पुढे कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

काचपट्टी

अल्कोहोलमधून काढण्याआधी, कुपीतच, २० ते ४० पटींच्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी टिपून ठेवा: शरीराची लांबी, दोन्ही शृंगिकांचे मणी, दोन्ही शेपट्यांची अवस्था. लांबी डोक्याच्या पुढच्या कडेपासून उदराच्या टोकापर्यंत घ्या, शृंगिका आणि शेपट्या सोडून. काचपट्टीवर शरीर ताणलं किंवा दबलं जातं, तेव्हा खरी लांबी इथलीच.

नवशिक्यांनी आधी तात्पुरत्या काचपट्ट्या कराव्यात. खोलगट काचपट्टीवर लॅक्टिक ॲसिडचे दोन थेंब, त्यात नमुना, वर झाकणकाच. ५० अंशांवर अर्धा ते दोन तासांत आतलं मांस निवळतं आणि रोम, म्हणजे अंगावरचे बारीक केस, स्पष्ट होतात. दर पंधरा मिनिटांनी बघा. कॅम्पोडिडी इतके नाजूक असतात, की जास्त वेळ ठेवले तर रिकाम्या पिशवीसारखे चपटे होतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड तर त्यांच्यासाठी वापरूच नये. बघून झालं की नमुना परत अल्कोहोलमध्ये ठेवता येतो.

कायमच्या काचपट्टीसाठी होयरचं माध्यम चालतं. थोडंसंच करा: ऊर्ध्वपातित पाणी १२.५ मिलिलिटर, अरबी डिंक ७.५ ग्रॅम, क्लोरल हायड्रेट ५० ग्रॅम, ग्लिसरीन ५ मिलिलिटर. क्रम हाच ठेवा. आधी डिंक पाण्यात पूर्ण विरघळू द्या, त्याला रात्रभरही लागतो. मग क्लोरल हायड्रेट, शेवटी ग्लिसरीन, आणि काचलोकरीतून गाळणं. डिंक प्रयोगशाळेच्या प्रतीचा आणि खड्यांचा घ्या. पुडीत हवा अडकते आणि बुडबुडे महिनाभर जात नाहीत. लाडवाचा धावड्याचा डिंक हा वेगळ्या झाडाचा, तो इथे उपयोगाचा नाही. क्लोरल हायड्रेट गुंगी आणणारं औषध आहे, म्हणून ते संस्थेमार्फतच घ्यावं, हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी.

कॅनडा बाल्सम का नको, हा प्रश्न नेहमी येतो. रोम दिसतात ते त्यांचा आणि भोवतालच्या माध्यमाचा प्रकाश वाकवण्याचा गुण वेगळा असल्यामुळे. बाल्समचा अपवर्तनांक कीटकांच्या कवचाच्या फार जवळ आहे, त्यामुळे बारीक रोम त्यात हरवून जातात. होयरचा बराच कमी, म्हणून त्यात ते उठून दिसतात.

कॅम्पोडिडी अखंड ठेवा, पाठ वर करून, पाय बाजूला पसरून. जॅपिजिडी मोठे असतात, त्यांचं डोकं आणि चिमट्यासह उदराचं टोक वेगळं कापून एकाच काचपट्टीवर वेगळ्या झाकणकाचांखाली बसवा. झाकणकाचेखाली काचेचे दोन बारीक तुकडे ठेवले तर चिमटा चिरडत नाही. मग काचपट्टी आडवी, ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये किमान आठवडाभर. सुकल्यावर कडेला नखपॉलिशची दोन बोटं.

कुळापर्यंत, नक्की

आता मागच्या टोकाकडे बघा.

शेपट्या लांब, अनेक खंडांच्या, दोऱ्यासारख्या असतील तर कॅम्पोडिडी. खात्रीसाठी शृंगिकेचे तिसरा ते सहावा हे मणी बघा. त्यांवर वाटीतून उगवलेले, लांब आणि झुलणारे बोथ्रियल रोम असतात. श्वासरंध्रं फक्त वक्षावर, तीन जोड्या. या कुळात अंगावर खवले दिसले तर तुम्ही लेपिडोकॅम्पासमोर आहात. औडेमान्स यांनी १८९० मध्ये लेपिडोकॅम्पा वेबेरी या जातीचं वर्णन केलं आणि ती उष्ण कटिबंधात फार दूरवर पसरलेली आहे. खवले अल्कोहोलमध्ये गळतात, म्हणून ते कुपीच्या तळातही शोधा आणि अंगावर खवले बसायच्या खोबण्या दिसतात का ते बघा.

शेपट्या आखूड, थोड्याच खंडांच्या आणि टोकाला ग्रंथीचं छिद्र असेल तर प्रोजॅपिजिडी. हे क्वचितच मिळतात. मिळाले तर नमुन्याला आणखी हात न लावता जाणकाराला दाखवा.

एकसंध, कडक चिमटा असेल तर दोनच मुख्य शक्यता. खालच्या ओठाच्या पॅल्प (चाचपणारे लहान अवयव) आहेत, चौथ्या ते सहाव्या मण्यांवर बोथ्रियल रोम आहेत आणि वक्षावर श्वासरंध्रांच्या चार जोड्या आहेत, तर जॅपिजिडी. यातलं काहीच नाही आणि वक्षावर दोनच जोड्या आहेत, तर पॅराजॅपिजिडी. दोन्हींत उदरावर सात जोड्या असतात. त्यामुळे एकूण बेरीज ११ आली की जॅपिजिडी, ९ आली की पॅराजॅपिजिडी. लहान आणि फिकट दिसला म्हणून त्याला जॅपिजिडीचं पिल्लू ठरवणं ही या टप्प्यावरची सगळ्यात सामान्य चूक आहे. ग्रासी यांनी १८८६ मध्ये वर्णन केलेला पॅराजॅपिक्स इसाबेले पूर्ण वाढीतही काहीच मिलिमीटरचा असतो आणि जगभर मिळतो.

वर्णन : डोक्याकडून शेपटीकडे

मोजमापाआधी सूक्ष्मदर्शकाचं प्रमाण ठरवा. स्टेज मायक्रोमीटरचा, म्हणजे काचेवर कोरलेल्या सूक्ष्म मोजपट्टीचा, एक भाग १० मायक्रोमीटर असतो. ४० पटींच्या भिंगाखाली नेत्रिकेतल्या (डोळा लावायच्या भिंगातल्या) पट्टीचे ४० भाग जर स्टेजच्या १० भागांवर बसले, तर एक भाग २.५ मायक्रोमीटर. प्रत्येक भिंगासाठी हे वेगळं करा आणि तो आकडा सूक्ष्मदर्शकावरच चिकटवून ठेवा.

कॅम्पोडिडीत सगळा भर रोमांच्या मांडणीवर असतो. वक्षाच्या तिन्ही पाठपट्ट्यांवर (खंडाच्या पाठीकडच्या तबकड्या; पोटाकडची ती पोटपट्टी) ठरावीक जागी मोठे रोम असतात. ते मध्य-पुढचे, कडेचे-पुढचे आणि कडेचे-मागचे असे तीन गटांत मोजतात आणि डावे-उजवे मिळून १+१, २+२ असं लिहितात. मोठा रोम कोणता आणि साधा कोणता यात गोंधळ होतो. मोठ्याचं बूड वाटीसारखं ठळक असतं आणि तो सहसा टोकाकडे दातेरी असतो. लांबीवर जाऊ नका, बुडाकडे बघा.

उदराच्या पहिल्या पोटपट्टीचं उदाहरण घ्या. ४०० पटींवर ती पूर्ण चौकटीत येत नाही. म्हणून आधी कमी पटींवर मधली रेषा ठरवा, कागदावर पट्टीचा रिकामा आकार काढा, मग एका बाजूचे मोठे रोम आतून बाहेर मोजत टिंबांनी मांडा. पूर्ण झाल्यावरच दुसरी बाजू. एका बाजूला ७ आणि दुसरीला ६ आले तर ‘७+७’ असं जुळवून लिहू नका. रोम गळला असेल तर त्याची रिकामी वाटी दिसेल, ती मोजा आणि टिपेत तसं लिहा. वाटीही नसेल तर ७+६ असंच लिहा. याच पट्टीच्या कडेची उपांगं नर-मादीत वेगळी असतात, नरांत त्यांवर ग्रंथींचे रोम जास्त असतात. लिंग पक्कं करायला आठव्या खंडामागचं जननछिद्रही बघावं. दुसऱ्या ते सातव्या पोटपट्टीवर स्टायलस नावाची लहान खुंटं असतात, त्यांच्या टोकाचे रोम वेगळे काढा. पायाची दोन नखं सारखी की लहान-मोठी, त्यांवर कडा आहे का, त्यांच्यामधले आणि बाजूचे लोंबते भाग रोमांसारखे की पानांसारखे, हे ओळखीत फार कामाचं आहे आणि नवशिके तेच विसरतात. शृंगिकेच्या तिसऱ्या मण्यावरच्या दांडीसारख्या संवेदी रोमाची जागाही टिपा.

जॅपिजिडीत लक्ष दोन जागी: पहिली पोटपट्टी आणि चिमटा. पहिल्या पोटपट्टीच्या मागच्या कडेला दोन बाजूंना ग्रंथीरोमांचे पट्टे असतात. त्यांची रुंदी, ओळी आणि रोमांची संख्या द्या. या कुळात स्टायलस पहिल्या ते सातव्या खंडावर असतात. चिमट्याचे दोन हात बहुधा सारखे नसतात, म्हणून उजवा आणि डावा वेगवेगळे लिहा: मोठा दात कुठे, त्याच्या आधी आणि नंतर किती बारीक गुठळ्या.

इथे एक घोळ नेहमी होतो. संयुक्त सूक्ष्मदर्शक चित्र १८० अंशांनी फिरवतो, आरसा करत नाही. त्यामुळे पाठ वर असेल तर डोक्याच्या दिशेने बघून जो उजवा तोच उजवा. उदर वर करून बसवलेल्या नमुन्यात मात्र डावं-उजवं बदलतं. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरने चित्र आडवं उलटवलेलं असेल तर आणखी घोळ. काचपट्टीच्या लेबलवर ‘पाठ वर’ किंवा ‘पोट वर’ हे लिहिलंच पाहिजे.

आता संख्या का फसवतात ते. डिप्लुरा मोठे झाल्यावरही कात टाकत राहतात आणि तुटलेली शृंगिका किंवा शेपटी पुढच्या काती टाकताना परत येते. कॅम्पोडिडीत परत आलेल्या शृंगिकेला बहुधा कमी मणी असतात. म्हणून डावीकडे २४ आणि उजवीकडे १९ असं दिसलं तर २४ हा आकडा खरा धरून १९ ची टीप द्यावी. एकाच नमुन्यावरून ‘१९ मणी असलेली नवी जात’ जाहीर करण्याचा मोह इथेच होतो. वाढीबरोबर रोमांची संख्याही वाढते, त्यामुळे पिल्लाची तुलना दुसऱ्या जातीच्या प्रौढाशी करू नका. शक्य तर एका जागचे किमान पाच प्रौढ, नर-मादी दोन्ही, मोजा आणि आकडे कमाल-किमान असे द्या.

नवं वाटलं तर

आधी शंका घ्या. फिलिप्पो सिल्व्हेस्त्री यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभरातले कित्येक डिप्लुरा वर्णिले, भारतातल्या जॅपिजिडीतलं इंडजॅपिक्स हे प्रजातीचं (जीनसचं) नावही त्यांचंच. त्यांच्या मूळ वर्णनांशी आणि चित्रांशी ताडून बघितल्याशिवाय नवेपणाचा दावा उभा राहत नाही.

ताडून झाल्यावरही वेगळेपण टिकलं, तर प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा कायमचा आधार, म्हणून ठरवावा लागतो आणि तो कुठे ठेवला आहे ते लेखात लिहावं लागतं. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी, हा नियम २०१२ पासून आहे. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या भांडारसंस्थेला द्यायची आणि नमुने तिथे जमा करायचे असतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी संस्था आहे, महाराष्ट्रासाठी तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. मातीचा प्रकार नेमका लिहायचा असेल तर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय नागपुरातच, अमरावती रोडला आहे. जमिनीच्या वर्गीकरणाची परिभाषा तिथल्या प्रकाशनांतून घ्या.

साठवण

होयरचं माध्यम ओलावा ओढतं. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या काचपट्ट्या छान कडक राहतात आणि जुलैत कडेने मऊ होतात. झाकणकाच सरकली की वर्णनात दिलेली मांडणी पुन्हा तपासता येत नाही. म्हणून काचपट्ट्या नेहमी आडव्या ठेवा, उभ्या पेटीत नको. दरवर्षी मे अखेरीस प्रत्येकीची कड भिंगाखाली बघा, नखपॉलिशला तडा गेला असेल तर जुना थर खरवडून नवे दोन थर द्या. कुप्यांतलं अल्कोहोल त्याच दिवशी भरा. झाकणाच्या आतली चकती कडक झाली असेल तर झाकण बदला, नाहीतर पुढच्या मे महिन्यापर्यंत कुपीत फक्त चिठ्ठी उरते.